कॉलेजातलं शिक्षण, तंत्रज्ञान आणि आपला निधी

(आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात शहापूर येथे केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात मागे-पुढे झालेली वाक्यं इथे थोडी सरळ केली आहेत.)



मला दिलेला विषय आहे 'कॉलेजच्या शिक्षणात तंत्रज्ञानाचा वापर'. मी इंजिनिअर झाले, वीस वर्षांहून जास्त काळ सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला. विषय देताना संयोजकांनी एक अटही घातली, "पंधरा मिनिटं बोल आणि आम्हाला समजेल असं बोल." दोन्ही पाळायचा प्रयत्न करते.

पण या विषयाच्या मागे दुसरा एक विषय आहे, तो सगळ्यांना ठाऊक आहे. आपण सर्वांनी मिळून शाळेसाठी निधी जमवला आहे. गेले दोन महिने ग्रुपवर चर्चा चालू आहे की त्या पैशातून शाळेला बोटानं चालणारा मोठा डिजिटल फळा द्यावा. बहुतेकांचा कल तिकडेच आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. ग्रुपवर मत मांडलं की अंगठे येतात, उत्तर येत नाही. म्हणून सर आणि मॅडमांसमोर, तोंडावर बोललेलं बरं.

शाळेच्या मेळाव्यात कॉलेजचं कशाला, असं कोणी म्हणेल. माझं म्हणणं असं आहे की आपल्या शाळेत जे शिकवलं जातं, त्याची खरी परीक्षा दहावीच्या मार्चमध्ये होत नाही. ती त्यानंतर दोन-तीन वर्षांनी होते. इथली मुलं भंडाऱ्याला जे. एम. पटेल कॉलेजात जातात, काही पॉलिटेक्निकला जातात, काही नागपूरला खोली करून राहतात. आपल्या शहापुरातच मनोहरभाई पटेल यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. म्हणजे इथल्या मुलाला इंजिनिअरिंग कॉलेज सायकलनं गाठता येतं. अंतराचा प्रश्न आपल्या गावापुरता सुटलेला आहे. तरी पहिल्या वर्षाला मुलं अडकतात. कुठे अडकतात, ते एका मुलीच्या गोष्टीवरून सांगते. ती आपल्याच शाळेची आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण ती आता चांगल्या नोकरीत आहे आणि हे पुस्तक तिच्या हातात पडणार आहे.

पहिल्या वर्षाला असताना तिनं मला फोन केला. म्हणाली, "ताई, प्रोग्रॅमिंग मला जमणार नाही. समजते, पण लिहिता येत नाही." मी विचारलं, कोणता प्रोग्रॅम? म्हणाली, "जीसीडीचा." दोन संख्यांचा जीसीडी काढायचा. पुस्तकात दिलेला प्रोग्रॅम तिनं पाठ केला होता, आणि पाठ केलेला परीक्षेत एका ओळीनं चुकला होता. मी विचारलं, "तुला मसावि काढता येतो का?" ती हसली. "मसावि? तो तर शाळेत होता."

तिला कोणीच सांगितलं नव्हतं की जीसीडी म्हणजे मसावि.

आता तुम्ही सगळे आठवा, आपल्याला भागाकार पद्धतीनं मसावि कसा शिकवला होता. ८४ आणि ३६ घ्या. ८४ ला ३६ नं भागा, बाकी उरते १२. आता ३६ ला १२ नं भागा, बाकी शून्य. बाकी शून्य आली की थांबा. शेवटचा भाजक १२, तोच मसावि. फळ्यावर ती भागाकारांची उतरती जिनासारखी रचना, आणि सरांचं ते वाक्य, "बाकीनं भाजकाला भागा, बाकीनं भाजकाला भागा." सर, तुम्ही आम्हाला तेव्हा जे शिकवत होता, त्याला आमच्या धंद्यात लूप म्हणतात. पुन्हा-पुन्हा तेच करा आणि ठरलेली अट पुरी झाली की थांबा. युक्लिडच्या ग्रंथात ही रीत सव्वादोन हजार वर्षांपूर्वीपासून आहे. आर्यभटाच्या कुट्टकातही असाच पुन्हा-पुन्हा भागाकार आहे. आणि आपल्या शाळेच्या पोरांनाही ती येत होती, फक्त ती येते हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या मुलीला मी फोनवरच सांगितलं, वहीवर ८४ आणि ३६ चा मसावि काढ आणि प्रत्येक पायरीला आता भाज्य कोण, भाजक कोण, बाकी किती, असे तीन रकाने भर. रकाने भरून झाल्यावर तिनं स्वतःच प्रोग्रॅम लिहिला. अर्धा तास लागला. यात तंत्रज्ञान किती? एक फोन.

ही गोष्ट एका मुलीची वाटते, पण गेली कित्येक वर्षं मी नोकरीसाठी आलेल्या नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेते आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांमध्ये ही गाठ मला वारंवार दिसली. दहावीपर्यंत त्वरण, मग अचानक ॲक्सिलरेशन. दहावीपर्यंत घातांक, मग एक्स्पोनंट. ज्ञान एका खोलीत, नवं नाव दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार बंद. मुलाला वाटतं आपण कच्चे आहोत. खरं तर त्याला विषय येत असतो, फक्त त्याची नव्या नावानं ओळख करून दिलेली नसते. २०२१ पासून इंजिनिअरिंग भारतीय भाषांतून शिकवायला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजनं संगणक शाखा मराठीतून सुरूही केली. चांगलं झालं. पण भंडाऱ्याच्या मुलाला ते कॉलेज दूर आहे आणि नोकरीत इंग्रजी चुकत नाही. त्याला दोन्ही खोल्या लागतात आणि मधलं दार उघडं लागतं.

आता तंत्रज्ञानाकडे येते. आपल्याकडे समजूत अशी आहे की शिक्षणात तंत्रज्ञान कोरोनात आलं. तसं नाही. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगानं दूरदर्शनवर कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केले, इन्सॅट उपग्रहावरून. कल्पना उत्तम होती. दिल्ली-मुंबईच्या मुलाला जो प्राध्यापक मिळतो, तो लहान गावातल्या मुलालाही दिसावा. तुमच्यापैकी काहींना दुपारचे ते कार्यक्रम आठवत असतील. आपण त्या वेळी टीव्ही चालू आहे एवढ्याच आनंदानं बघत होतो. कार्यक्रम बहुतेक इंग्रजीत, वेळ ठरलेली, आणि आपल्याकडे वीज असेल तर. मध्येच नाही समजलं तर उपग्रहाला थांब म्हणता येत नाही. पुढे २० सप्टेंबर २००४ ला खास शिक्षणासाठी एज्युसॅट नावाचा उपग्रह सोडला. त्याच्या तबकड्या अनेक कॉलेजांच्या गच्चीवर बसल्या. दर दहा-पंधरा वर्षांनी आपल्या देशात शिक्षणासाठी एक नवीन वस्तू येते, तिचं उद्घाटन होतं, आणि फोटोत वस्तू मध्यभागी असते. मूल कुठल्या तरी कोपऱ्यात.

थोडं विषयांतर करते. माझ्या कॉलेजच्या काळात आम्हाला सी भाषा ज्यानं शिकवली, ते उपग्रह नव्हते की संगणकही नव्हते. संगणकावर बसायला आठवड्यातून दोन तास मिळायचे, तेही दोघी-दोघींत. आम्हाला शिकवलं नागपूरच्याच यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकानं. ते इंग्रजीत आहे, पण सोपं, बोलल्यासारखं. वाचणाऱ्याला काही येत नाही असं गृहीत धरूनही त्याला कमी न लेखणारं. देशभरच्या मुलांनी ते वाचलं. पुस्तक हेही तंत्रज्ञानच आहे आणि त्यात हवं तिथे थांबता येतं, मागे जाता येतं. हे 'थांबता येणं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२००३ च्या सुमारास सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटेल सुरू केलं. त्यांच्या प्राध्यापकांची पूर्ण व्याख्यानं, कोणालाही, फुकट. २०१७ मध्ये स्वयम् नावाचा सरकारी मंच आला, आणि आता तिथे पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक कॉलेजच्या पदवीतही धरता येतात. मी स्वतः नोकरीत असताना एनपीटेलवर पुष्कळ शिकले. पण ते मी शिकले, म्हणजे जिला आधीच चार वर्षांचं शिक्षण आणि इंग्रजीचा सराव होता तिनं. पहिल्या वर्षाच्या मुलीला तासाभराचं इंग्रजी व्याख्यान लावून दिलं, तर पंधराव्या मिनिटाला ती आणि व्याख्यान दोन वेगळ्या वाटांनी जातात.

ज्या प्रकल्पानं मला खरोखर विचार करायला लावलं, तो आहे मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल'. प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी तो उभा केला. ते संगणकाचे नव्हे, केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून त्याला पैसा मिळाला. यात सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे छोटे पाठ आहेत. पडद्यावर संगणकाची खिडकी दिसते आणि आवाज सांगत जातो, आता हे दाबा, आता हे लिहा, आता थांबा आणि तुमच्या संगणकावर करून बघा. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ, अर्ध्या भागात मुलाचं स्वतःचं काम. ऐकायचं, थांबवायचं, करायचं, चुकलं तर मागे जायचं.

आणि यातला सर्वांत शहाणपणाचा भाग भाषेचा. पडदा इंग्रजीत ठेवला, कारण नोकरीत समोर तोच येणार. आवाज मात्र बावीस भारतीय भाषांत, त्यात मराठी आहे. म्हणजे मूल डोळ्यांनी इंग्रजी शब्द बघतं आणि कानांनी मराठीत त्याचा अर्थ ऐकतं. मघाशी म्हटलं ते मधलं दार उघडायची इतकी साधी युक्ती मी दुसरीकडे पाहिली नाही.

हे पाठ कसे तयार होतात तेही ऐकण्यासारखं आहे. आधी संहिता लिहितात. ती विषयाचा जाणकार तपासतो. आणि त्याखेरीज, ज्याला तो विषय मुळीच येत नाही अशा माणसाला ती देतात. तो नुसती संहिता वाचून, कोणाला न विचारता, ते काम करू शकला पाहिजे. जिथे तो अडला तिथे संहिता बदलतात. ध्वनिमुद्रण त्यानंतर. मी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांत आयुष्य घालवलं आहे, म्हणून सांगते, अडाण्याला तपासनीस नेमणं ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्यात तज्ज्ञ तज्ज्ञाला दाखवतो आणि दोघं मान डोलावतात.

आणखी एक. हे पाठ इंटरनेट नसलं तरी चालतात. कॉलेजांना ते सीडीवर दिले जात. प्रयोगशाळेत मुलं हेडफोन लावून आपापल्या वेगानं शिकत, आणि तिथे विषयाचा तज्ज्ञ असण्याची गरज नव्हती, फक्त कार्यशाळा भरवणारा एक माणूस हवा. शिवाय ते मुक्त परवान्याखाली आहेत. उतरवून घ्या, वाटा, कोणी हरकत घेणार नाही.

याच काळात मुंबईच्याच आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांनी दहा हजार शिक्षकांना शिकवण्याचा उपक्रम चालवला. देशभरच्या शेकडो इंजिनिअरिंग कॉलेजांत केंद्रं. पवईत एक प्राध्यापक शिकवतो आणि त्या सगळ्या केंद्रांवरचे शिक्षक एकाच वेळी पडद्यावर त्याला ऐकतात, प्रश्न विचारतात, आणि मग आपल्या केंद्रातल्या प्रयोगशाळेत स्वतः करून बघतात. विद्यार्थ्यांपर्यंत पोचायचं, पण वाट शिक्षकातून. एका शिक्षकाला नीट शिकवलं की पुढच्या वीस तुकड्या त्याच्या हातून जातात, हा साधा हिशेब. इथे बसलेल्या सर-मॅडमांना तो कोणी समजावून सांगायची गरज नाही.

कोरोनाबद्दल फार बोलत नाही, सगळ्यांनी भोगलं आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कॉलेज मोबाईलमध्ये आलं. घरात एक मोबाईल, तो बाप कामाला घेऊन जाणार, मुलीचा वर्ग दुपारी. रेंजसाठी गच्चीवर चढलेली पोट्टी आपण सर्वांनी पाहिली. मला त्या काळातली एकच गोष्ट नोंदवायची आहे. ज्या शिक्षकांनी वर्ग घेतल्यावर संध्याकाळी चार मुलांना फोन करून विचारलं, "काय समजलं, सांग बरं", त्यांची मुलं तरली. बाकी ठिकाणी चाळीस काळे चौकोन आणि शेवटी "थँक यू सर".

नुसतं उपलब्ध करून दिल्यानं शिक्षण होत नाही, याचा एक आकडाही आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुले केले. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे निघाले शेकडा ३ च्या आसपास. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात मात्र निम्म्याच्या जवळपास. पाठ तेच, प्राध्यापक तेच. फरक एवढाच की दुसऱ्या गटानं स्वतःला बांधून घेतलं होतं. आपल्या मुलांकडे भरायला पैसे नसतात. त्यांना बांधून ठेवायला दुसरं काहीतरी लागतं, ठरलेली वेळ लागते, ठरलेली जागा लागते, आणि "काल काहून नाही आलीस?" असं विचारणारं कोणी लागतं.

आता ताजी गोष्ट. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. आज कोणत्याही मुलाच्या मोबाईलवर असं साधन आहे की मसाविचा प्रोग्रॅम माग, दोन सेकंदांत हजर. कॉलेजचा गृहपाठ त्यातून निघतो, प्रकल्पाचा अहवालही निघतो. मी त्याच्या विरोधात नाही. मी रोज वापरते, आणि न वापरणारा माणूस आमच्या कामात मागे पडेल. पण मुलाखतीत मला जे दिसतं ते सांगते. मुलगा मसाविचा प्रोग्रॅम सुबक लिहितो. मग मी विचारते, यात ४८ आणि १८ टाकले तर दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला भाज्य कोण, भाजक कोण? १८ आणि १२, हे वहीवर काढणाऱ्याला लगेच सांगता येतं. मग विचारते, संख्या उलट्या दिल्या, आधी १८ आणि मग ४८, तर प्रोग्रॅम चुकेल का? चुकत नाही. पहिल्या फेरीत १८ ला ४८ नं भागलं की बाकी १८ च उरते आणि दोघांची जागा आपोआप बदलते. एक फेरी जास्त, एवढंच. ज्यानं एकदा तरी हातानं केलं आहे त्याला हे विचारताना मजा येते, चेहऱ्यावर दिसतं. ज्यानं फक्त मागवलं आहे तो गप्प होतो. अशा गप्प झालेल्या मुलांचे कागद मी बाजूला ठेवले आहेत, आणि त्यातले काही आपल्या बाजूचे होते. ते सोपं नसतं.

हेच साधन नीट वापरलं तर मोठं उपयोगी आहे. "जीसीडी म्हणजे काय ते मला मराठीत, आठवीच्या मुलीला सांगतात तसं सांग" असं विचारलं तर ते सांगतं, न कंटाळता दहा वेळा सांगतं. अधूनमधून चुकीचंही तितक्याच ठामपणे सांगतं. चूक ओळखायला शेजारी कोणीतरी हवं, किंवा वही हवी.

तर आता फळ्याकडे.

डिजिटल फळा वाईट वस्तू नाही. भूगोलाला, विज्ञानाला छान आहे. पण तो शिक्षकाच्या हातात राहतो आणि मुलं तशीच बाकावर राहतात. पूर्वी खडू दिसायचा, आता चित्र दिसेल. पाच वर्षांनी त्याचा पडदा गेला की दुरुस्तीला कोण येणार, हेही ग्रुपवर कोणी विचारलं नाही. एका मित्रानं खरं कारण सांगून टाकलं, "फळ्यावर आपल्या बॅचचं नाव दिसते, बाप्पा." ठीक आहे, नावाची पाटी आपण दुसऱ्या कशावरही लावू.

माझा प्रस्ताव असा आहे. शाळेतली प्रयोगशाळेशेजारची खोली संध्याकाळी मोकळी असते. तिथे शाळा सुटल्यावर आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या, अकरावीपासून पदवीपर्यंतच्या मुलामुलींसाठी अभ्यासाची खोली करू. दुरुस्त केलेले जुने लॅपटॉप आठ, हेडफोन सोळा, इन्व्हर्टर एक. इंटरनेट असलं तर असो. मी एका लहान संगणकावर मराठी स्पोकन ट्युटोरियल आणि लागणारी बाकी मुक्त सामग्री भरून देईन, ती खोलीतल्या खोलीत वायफायवर चालेल, तिला बाहेरची रेंज लागत नाही. एवढं काम मला येतं आणि त्याचे पैसे मी घेणार नाही.

पण यंत्रांवर निधीतला कमी भाग जावा असं माझं म्हणणं आहे. जास्त भाग माणसावर. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एखादा मुलगा किंवा मुलगी आठवड्यातून तीन संध्याकाळ तिथे बसेल, आणि त्याला आपण मानधन देऊ. फुकट नाही. फुकट ठेवलेला माणूस दिवाळीनंतर येत नाही. त्यानं शिकवायचं कमी, विचारायचं जास्त. मुंबईच्या आयआयटीत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या कित्येक शे मुलांच्या वर्गात एक रीत वापरली गेली आहे: प्रश्न द्यायचा, आधी प्रत्येकानं एकट्यानं वहीत सोडवायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग सगळ्यांनी मिळून. त्याला काहीही यंत्र लागत नाही. आपल्या खोलीत तर पंधराच मुलं असतील.

आणि सर, मॅडम, इथे तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्यापैकी जे निवृत्त होऊन गावात किंवा भंडाऱ्यात आहेत, त्यांनी महिन्यातून दोनदा एक तास त्या खोलीत यावं. तुम्हाला सी भाषा येत नाही, यायची गरज नाही. एखादी मुलगी जीसीडीवर अडली असेल तेव्हा तिला एवढंच म्हणा, "अगं, हा मसावि आहे, मी तुला शिकवला होता." पुढचं ती करेल.

ग्रुपवर आलेल्या तीन शंका. लॅपटॉप चोरीला जातील: कपाटाला कुलूप, कुलपाची चावी शाळेकडे, आणि जुने लॅपटॉप चोरायला चोरही फारसा उत्सुक नसतो. मुलींना उशीर होईल: खरी शंका आहे. म्हणून संध्याकाळी साडेपाच ते सात, भंडाऱ्याहून परतणाऱ्यांना घरी जाऊन येता यावं इतपत, आणि ज्यांना संध्याकाळी घरून परवानगी नाही त्यांच्यासाठी रविवारी सकाळी नऊ ते अकरा. ही रविवारची वेळ कागदावर पहिली लिहा, नाहीतर खोली नुसत्या मुलांची होऊन जाईल. तिसरी शंका, कोणी आलंच नाही तर? तर वर्षभरानं लॅपटॉप शाळेच्या संगणक वर्गाला देऊ आणि उरलेल्या पैशातून तुमचा फळा घेऊ. फळा घेतल्यावर मात्र त्यातून खोली निघणार नाही.

मुख्याध्यापकांशी मी खोलीबद्दल बोलले आहे. त्यांचं म्हणणं, वीजबिल कोण भरणार ते लेखी द्या. बरोबर आहे त्यांचं. पहिल्या दोन वर्षांचं बिल मी आणि पुण्यात असलेल्या आपल्या चौघी मैत्रिणी भरतो, तसं पत्र तयार आहे. ज्यांच्या कार्यालयात जुने लॅपटॉप निघतात त्यांनी जेवणाच्या वेळी मला भेटा. चार्जरसकट द्यायचे, चार्जर शोधण्यात अर्धी खोली जाते. हात वर करून मतदान जेवणानंतर आहे. त्याआधी फळ्याच्या बाजूनं ज्यांना बोलायचं आहे त्यांनी इथे येऊन बोलावं, माईक मी सोडते आहे.